आधी अंदाज, मग स्क्रीन: अपूर्णांकांचा लहानमोठेपणा शिकवताना

१९७८ साली अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवर झालेल्या एका चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना एक साधा प्रश्न विचारला होता: १२/१३ आणि ७/८ यांची बेरीज अंदाजे किती येईल? नेमकं उत्तर काढायचं नव्हतं. समोर आकडे दिले होते १, २, १९ आणि २१. १२/१३ म्हणजे जवळपास एक, ७/८ म्हणजेही जवळपास एक, तेव्हा बेरीज दोनच्या आसपास. एवढं ओळखणारी मुलं निघाली २४ टक्के. निम्म्याहून जास्त मुलांनी १९ किंवा २१ वर खूण केली. १९ कुठून आले ते उघडच आहे, १२ आणि ७ मिळवले. २१ म्हणजे १३ आणि ८.

या मुलांना बेरीज उत्तम येत होती. अडचण त्याच्या आधीच्या पायरीवर होती. १२/१३ ही एक संख्या आहे, तिला संख्यारेषेवर स्वतःची जागा आहे, हे त्यांच्या मनात कधी बसलंच नव्हतं. त्यांना दिसत होत्या दोन संख्या आणि मध्ये एक रेघ.

आपल्याकडे पाचवीत ‘अपूर्णांकांचा लहानमोठेपणा’ शिकवताना अगदी हेच समोर येतं. फळ्यावर १/३ आणि १/५ लिहून मोठा कोणता ते विचारा. बरेच हात १/५ साठी वर येतात, कारण पाच तीनपेक्षा मोठे. यात मुलांचा दोष काही नाही. बालवाडीपासून त्यांनी एकच नियम पाहिलेला असतो: आकडा मोठा, वस्तू जास्त. चार-पाच वर्षं जो नियम एकदाही चुकला नाही, तो एका धड्याने कसा सुटेल?

म्हणूनच अपूर्णांकांच्या सगळ्या धड्यांत हा घटक मला सर्वांत मोलाचा वाटतो. बेरीज-वजाबाकी रीत पाठ करूनही जमते. पण ३/७ मोठा की ५/९, हे रीत न वापरता सांगायचं तर अपूर्णांकाकडे संख्या म्हणून पाहावंच लागतं. पुढच्या गणिताचा पायाही इथेच बसतो. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सिगलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मुलांची वर्षानुवर्षांची माहिती तपासली. दहा-अकरा वर्षांच्या वयात अपूर्णांक आणि भागाकार ज्यांना नीट कळले होते, ती मुलं हायस्कुलात बीजगणितात आणि एकूण गणितात पुढे दिसली. घरची मिळकत, आईवडिलांचं शिक्षण, मुलाची एकंदर हुशारी हे सगळं हिशोबात धरूनही हा संबंध टिकून राहिला.

मोबाइल, टॅब आणि शाळेतला टीव्ही या घटकाला खूप उपयोगी पडतात. माझी अट एकच आहे. उत्तर स्क्रीनने आधी सांगायचं नाही. मुलाने अंदाज करायचा, कारण सांगायचं, आणि मग पडताळून पाहायला स्क्रीनकडे वळायचं. हा क्रम उलटा झाला की मूल रंगीत पट्ट्या बघत बसतं आणि डोक्यातला जुना नियम जागच्या जागी राहतो.

कागदाला जे जमत नाही

सुरुवात कागदानेच करावी असं माझं मत आहे. कागदाची पट्टी घ्या, मधोमध घडी घाला, पुन्हा घाला, पुन्हा घाला. अर्धा, पाव, मग एक अष्टमांश. मुलांना हे हाताने करू द्या. शाळेतल्या गणित पेटीत अपूर्णांकांच्या पट्ट्या असतील तर त्याही बाहेर काढा. आपल्या मुलांना पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड हे सगळं शाळेत येण्याआधीपासून कानावरून माहीत असतं. दुकानातून पाव किलो साखर आणलेली असते, पाऊण तास बसची वाट पाहिलेली असते. ही शिदोरी वाया घालवू नये. मागच्या पिढ्यांत तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा यांचे पाढे, पाठ असायची. आज ती पाठ करून घ्यायची गरज नाही, पण अपूर्णांक ही रोजची संख्या आहे ही जी सवय त्यातून लागायची ती हवीच आहे.

मात्र कागद लवकरच थकतो. तीन सारखे भाग करायला खटपट पडते, पाच करताना एक भाग चिंचोळा होतो, आणि सात किंवा नऊ सारखे भाग तर मोठ्या माणसालाही धड जमत नाहीत. मग होतं काय, वर्गात आपण अर्धे, चौथे आणि आठवे यांच्यातच फिरत राहतो. ३/४ आणि ५/८ ची तुलना होते, ३/७ आणि ५/९ ची कधीच होत नाही. स्क्रीनवर सात सारखे भाग एका बोटाने होतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. स्क्रीनवर छेद हलवता येतो. अंश एकच ठेवून छेद दोनपासून बारापर्यंत एकेक वाढवत नेला की रंगवलेला तुकडा प्रत्येक पावलाला आक्रसत जातो. ‘अंश समान असेल तर छेद जेवढा मोठा तेवढा अपूर्णांक लहान’ हा नियम पुस्तकात ओळीत लिहिलेला असतो. इथे तो हलताना दिसतो. पण इथेही आधी थांबा. ‘आता छेद सहाचा सात करतोय, तुकडा वाढेल की कमी होईल?’ असं विचारा, पाट्यांवर उत्तर लिहू द्या, आणि मगच बोट लावा.

वर्तुळ दिसायला छान, तुलनेला अवघड

बहुतेक ॲपमध्ये अपूर्णांक म्हटला की केक, पिझ्झा किंवा गोल चकती येते. पूर्ण वस्तूचा भाग म्हणजे काय, हे कळायला वर्तुळ चांगलं. अर्धं आणि पाव तर वर्तुळात चटकन ओळखू येतं. तुलना करायची असेल तेव्हा मात्र वर्तुळ बाजूला ठेवा. एका चकतीत २/५ रंगवा, शेजारच्या चकतीत ३/७, आणि वर्गाला विचारा. डोळ्याला दोन कोन एकमेकांशी ताडून बघावे लागतात आणि ते माणसाला नीट येत नाही. तेच दोन अपूर्णांक एकाखाली एक अशा दोन समान पट्ट्यांवर दाखवा, डावी कड जुळवून. ३/७ ची रंगीत पट्टी थोडी पुढे गेलेली दिसते आणि वाद मिटतो.

पट्टी बारीक करत नेली की संख्यारेषा होते. अमेरिकेच्या शिक्षण विभागातल्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन सायन्सेसने २०१० साली अपूर्णांक शिकवण्यावर शिक्षकांसाठी एक मार्गदर्शिका काढली होती. तिच्यातही संख्यारेषेवर भर आहे, कारण अपूर्णांक ही संख्या आहे हे तिथे लपवताच येत नाही. पट्टीवर मूल तुकडे मोजतं, रेषेवर त्याला जागा शोधावी लागते. शिवाय एकाच रेषेवर ३/५, १, ७/५ आणि २ सगळे मांडता येतात. ‘अपूर्णांक म्हणजे एकाहून लहान’ हा आणखी एक गैरसमज तिथे आपोआप गळतो.

एक गोष्ट मुद्दाम बिघडवून दाखवावी. ज्या साधनात पट्टीची लांबी बदलता येते तिथे एक पट्टी आखूड करा, तिचा अर्धा भाग रंगवा, आणि खाली लांब पट्टीचा पाव भाग. पाव भाग लांब दिसतोय! मग १/४ मोठा का? मुलं गडबडतात, आणि गडबडायलाच हवं. ‘पूर्ण’ एकच असल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही, हे त्यांच्या तोंडून आलं पाहिजे. मोठ्या भाकरीचा चतकोर आणि लहान भाकरीची अर्धी यांत पोट कशाने भरेल, हे त्यांना न शिकवताही कळतं.

एक टीव्ही, एक तासिका

आपल्या बहुतेक शाळांत प्रत्येक मुलाच्या हातात टॅब नसतो. एक टीव्ही किंवा प्रोजेक्टर असतो, किंवा बाईंचा फोन. या घटकापुरतं मला हे सोयीचंच वाटतं. एकच स्क्रीन असली की सगळा वर्ग एका प्रश्नावर थांबतो आणि बोलतो.

मुलांच्या हातात पाट्या द्या. फळ्यावर दोन अपूर्णांक लिहा. स्क्रीन बंद. मुलांनी मध्ये येणारं चिन्ह, म्हणजे <, > किंवा =, पाटीवर लिहायचं आणि एकदम पाट्या वर करायच्या. मग दोन-तीन वेगळ्या उत्तरांच्या मुलांना कारण विचारायचं. कोण बरोबर ते बाईंनी सांगायचं नाही. हवं असेल तर पुन्हा एकदा पाट्या पुसून उत्तर बदलायची मुभा द्यायची. त्यानंतर स्क्रीन सुरू.

जोड्या कोणत्या घ्यायच्या, इथे खरं कसब आहे. ३/८ आणि ५/८ सारखी समच्छेद, म्हणजे छेद सारखे असलेली, जोडी एखादीच पुरे. त्यात वेळ घालवू नका, मुलांना ती लगेच येते. मग ३/५ आणि ३/८ घ्या. तुकडे दोन्हीकडे तीनच, पण पाचवे भाग आठव्या भागांपेक्षा मोठे. पुढे ३/७ आणि ५/९. इथे अंशही वेगळे, छेदही वेगळे. कोणीतरी नक्की म्हणतं की समच्छेद करावे लागतील. करू नका. सात तुकड्यांचे निम्मे किती ते विचारा. साडेतीन. म्हणजे ३/७ अर्ध्याच्या अलीकडे. नवाचे निम्मे साडेचार, म्हणजे ५/९ अर्ध्याच्या पलीकडे. झाली तुलना, एकही गुणाकार न करता. अर्धा हा मैलाचा दगड एकदा हाती लागला की मुलं पाव आणि पाऊण हेही दगड म्हणून वापरू लागतात.

त्यानंतरची जोडी माझ्या आवडीची आहे, ५/६ आणि ७/८. बोलणं साधारण असं होतं:

‘बाई, दोन्ही सारखेच. दोन्हीकडे एकच तुकडा कमी आहे.’

‘बरं. पण कुठला तुकडा कमी आहे?’

‘याच्यात सहावा. त्याच्यात आठवा.’

‘मग मोठा तुकडा कोणाचा गेला?’

‘सहावाल्याचा... म्हणजे आठवाल्याचं जास्त उरलं!’

आणि आता स्क्रीनवर दोन पट्ट्या. ५/६ च्या शेवटची रिकामी जागा ७/८ च्या रिकाम्या जागेपेक्षा रुंद दिसते. इथे पट्टीने मुलीला काही नवं सांगितलं नाही, तिने जे शोधलं त्याला दुजोरा दिला. स्क्रीनचं काम एवढंच असावं असं मला मनापासून वाटतं.

या विचारात एक खाचखळगा आहे, तो सोडून पुढे जाऊ नका. काही मुलं ‘किती तुकडे कमी’ एवढंच मोजायला शिकतात. त्यांना ३/४ आणि ७/९ द्या. ३/४ मध्ये एक कमी, ७/९ मध्ये दोन कमी, म्हणून ३/४ मोठा, असं ती ठामपणे सांगतील. पट्ट्या दाखवल्या की ७/९ पुढे गेलेला दिसतो. वर्गात कुजबुज सुरू होते. का झालं असं? एक चौथा म्हणजे दोन आठवे. ३/४ मध्ये दोन आठवे कमी आहेत आणि ७/९ मध्ये दोन नववे. नववा तुकडा आठव्याहून लहान, तेव्हा दोन नववे दोन आठव्यांहून लहान. मघाशी ३/५ आणि ३/८ ला वापरलेला विचारच इथे परत कामाला आला. हे स्पष्टीकरण मुलांना स्वतःहून सुचायला वेळ लागतो. लागू द्या. या एका जोडीवर पंधरा मिनिटं गेली तरी ती सार्थकी लागलेली असतात.

क्विझमधले गुण फसवतात

अपूर्णांकांचे तयार खेळ भरपूर मिळतात. दोन अपूर्णांक येतात, मोठ्यावर टिचकी मारायची, टायमर पळत असतो, तारे मिळतात. मुलांना मजा येते आणि पालकांना आठ-दहा तारे पाहून समाधान वाटतं. माझा यावर फारसा विश्वास नाही. दोनच पर्याय असतील तर डोळे मिटून टिचक्या मारणाऱ्यालाही निम्मे गुण मिळतात. त्याहून वाईट म्हणजे चुकीचा नियम लावूनही बरोबर उत्तर येतं. १/२ आणि ३/४ मध्ये ‘आकडे मोठे तो मोठा’ म्हणणारं मूल ३/४ वर टिचकी मारतं आणि शाबासकी मिळवतं. त्याचा चुकीचा नियम त्या शाबासकीने आणखी पक्का होतो.

म्हणून खेळ निवडताना किंवा स्वतः क्विझ बनवताना जोड्या पारखून घ्याव्यात. तीन जोड्या मी हमखास घालते: १/२ आणि ४/५, २/३ आणि ४/९, ३/४ आणि ७/९. पर्याय तीन ठेवायचे, ‘दोन्ही समान’ हा त्यातला एक. आकडे पाहून ठरवणारं मूल पहिलं आणि तिसरं बरोबर देईल, पण दुसऱ्यात ४/९ म्हणेल. ‘छेद लहान तो मोठा’ असा अर्धवट नियम पाठ झालेलं मूल दुसरं बरोबर देईल, पहिल्यात १/२ म्हणेल आणि तिसऱ्यात ३/४. किती तुकडे कमी हे मोजणारं मूल पहिल्या जोडीला ‘समान’ म्हणेल, दुसरी बरोबर देईल आणि तिसरीत पुन्हा फसेल. तीन प्रश्नांत कोणाच्या डोक्यात कोणता नियम बसला आहे ते कळतं. वीस ताऱ्यांपेक्षा ही माहिती कामाची. तीन पर्यायांची अशी क्विझ गूगल फॉर्मवर दहा मिनिटांत होते, आणि प्रत्येक प्रश्नाखाली ‘असं का वाटलं?’ म्हणून एका ओळीची जागा ठेवता येते. उत्तरापेक्षा ती ओळ आधी वाचावी.

टायमर मात्र बंदच ठेवावा. घाईत माणूस जुन्या सवयीकडे धावतो, आणि इथे जुनी सवय म्हणजे पूर्ण संख्यांचा नियम. जी सवय मोडायची तिलाच आपण घड्याळ लावून खतपाणी घालतो.

जिथे चित्र हरतं

आता अशी जोडी घ्या की जिथे पट्टीनेही काम भागत नाही: ४/७ आणि ५/९. दोन्ही अर्ध्याच्या थोडे पुढे, तेव्हा अर्ध्याचा दगड उपयोगाचा नाही. फोन उभा धरला तर स्क्रीनची रुंदी साडेसहा-सात सेंटिमीटर असते. समजा तिच्यावर ६३ मिलिमीटरची पट्टी आहे. तिचा ४/७ भाग ३६ मिलिमीटर आणि ५/९ भाग ३५ मिलिमीटर. फरक एका मिलिमीटरचा. ३२ इंची टीव्हीवर ६३ सेंटिमीटरची पट्टी मावते. तिथेही फरक एका सेंटिमीटरचा, शेवटच्या रांगेतल्या मुलाला तो दिसेल याची खात्री नाही. वर्गात दोन तट पडतात. कोणी म्हणतं समान, कोणी म्हणतं वरची मोठी, कोणी स्क्रीनजवळ जाऊन बोट लावून बघतं.

हाच समच्छेद शिकवायचा क्षण. एरवी समच्छेद ही एक रीत म्हणून येते आणि ती का करायची हे मुलाला ठाऊक नसतं. इथे गरज त्याच्या समोर उभी आहे. डोळ्याला कळत नाही, मग मोजायचं कशाने? सातवे आणि नववे हे वेगवेगळ्या मापाचे तुकडे आहेत. दोन्हींत बसेल असं बारीक माप हवं. प्रत्येक सातव्या तुकड्याचे नऊ भाग करा, एकूण ६३ होतात. प्रत्येक नवव्या तुकड्याचे सात भाग करा, एकूण पुन्हा ६३. आता दोन्ही पट्ट्या सारख्याच बारीक भागांत वाटल्या गेल्या. वरच्या पट्टीत ४ गुणिले ९ म्हणजे ३६ भाग रंगलेले, खालच्या पट्टीत ५ गुणिले ७ म्हणजे ३५. ६३ मिलिमीटरची पट्टी घेतली होती ती याचसाठी. त्या पट्टीवरचा एकेक मिलिमीटर म्हणजे १/६३.

तिरकस गुणाकाराची रीत यातूनच येते. ४ ला ९ ने गुणायचं, ५ ला ७ ने, आणि मोठा गुणाकार ज्याचा तो अपूर्णांक मोठा. ही रीत बरोबर आहे आणि झटपट आहे. पण ३६ आणि ३५ हे कसले आकडे, असं विचारल्यावर ‘६३ पैकी भाग’ हे उत्तर आलं नाही, तर मुलाने आकड्यांवर फुल्या मारायला शिकलं एवढंच. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त समच्छेदाची हीच कृती दिली आहे: एकमेकांच्या छेदांनी अंश आणि छेद दोन्ही गुणायचे. छेदही गुणायचा, हे तिथे स्पष्ट आहे. आपण घाईत तो अर्धा भाग गाळतो.

घरी सराव करायचा असेल तर भिंतीवरचं घड्याळ हे तयार समच्छेद साधन आहे. तासाची मिनिटं ६०, आणि ६० ला २, ३, ४, ५, ६, १० आणि १२ या सगळ्यांनी नि:शेष भाग जातो. २/३ तास म्हणजे ४० मिनिटं, ३/५ तास म्हणजे ३६ मिनिटं. ३/४ तास ४५, ५/६ तास ५०, ५/१२ तास २५. ‘तुला २/३ तास खेळायला देऊ की ३/५ तास?’ असं विचारून पाहा. हिशोब लगेच होतो.

काय वापरायचं, नेट नसेल तर काय

साधनं पुष्कळ आहेत, मी मोजकीच सांगते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा फेट हा प्रकल्प २००२ साली भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी सुरू केला. त्याच्या आदल्या वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं होतं. फेटवर अपूर्णांकांची ओळख, सममूल्य अपूर्णांक आणि जोड्या जुळवणं यांची सिम्युलेशनं मोफत आहेत, आणि एकदा डाउनलोड करून ठेवली की नेटशिवाय चालतात. गावाकडच्या शाळेला हे फार मोलाचं. मॅथ लर्निंग सेंटरचं फ्रॅक्शन्स हे साधन मोफत आहे. त्यात पट्ट्या आणि वर्तुळं पाहिजे तेवढ्या भागांत वाटून रंगवता येतात. ते अगदी साधं आहे, तारे नाहीत, टायमर नाही, म्हणूनच मला आवडतं. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचं साहित्य उघडतं. त्यातले व्हिडिओ दाखवायचे तर मध्येच थांबवून दाखवावेत. प्रश्न आला की पॉज, पाट्या वर, मग पुढे.

काहीच हाताशी नसेल तर पॉवरपॉइंट किंवा गूगल स्लाइड्स पुरेसं आहे. एका ओळीचा आणि सात रकान्यांचा तक्ता घाला, त्याच्या खाली तेवढ्याच रुंदीचा नऊ रकान्यांचा. रकाने आपोआप सारखे होतात. हवे तेवढे रकाने रंगवा. झाल्या तुमच्या पट्ट्या. पुढच्या स्लाइडवर रंग आणि आधीच्या स्लाइडवर नुसते दोन अपूर्णांक असं ठेवलं की अंदाजाला जागाही आपोआप मिळते.

घरी एकच फोन असेल तर तो मुलाच्या हाती देऊन उठून जाऊ नका. दहा मिनिटं शेजारी बसा. तुमचं गणित कच्चं असलं तरी चालतं, ‘तुला असं का वाटलं?’ एवढं विचारता आलं की पुरे.

आणि सगळं जमायला लागलं की जिओजिब्रा हे गणिताचं ॲप उघडा. खाली लिहायच्या जागेत (४/७, ०) असं कीबोर्डवरच्या नेहमीच्या अंकांत टाका, मग (५/९, ०). रेषेवर दोन ठिपके येतात, जवळजवळ एकमेकांना चिकटलेले. दोन बोटांनी झूम करत जा, ठिपके हळूहळू लांब होतात. आता विचारा, या दोघांच्या मध्ये एखादा अपूर्णांक आहे का? पाचवीची बरीच मुलं ‘नाही’ म्हणतात, कारण ४ आणि ५ च्या मध्ये काही नसतं हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. कोणीतरी अंशांची बेरीज आणि छेदांची बेरीज करून ९/१६ सुचवेल. अपूर्णांकांची बेरीज म्हणून ती कृती साफ चुकीची आहे, पण (९/१६, ०) टाकून पाहा, ठिपका त्या दोघांच्या मध्येच पडतो. १/२ आणि २/३ घ्या, ३/५ मध्ये येतो. १/३ आणि ३/४ घ्या, ४/७ मध्ये येतो. दर वेळी असंच होतं का, हे मुलांनी आणखी जोड्या घेऊन तपासावं. प्रत्येक वेळी असंच का होतं, याचं उत्तर वरच्या वर्गात बीजगणित आल्यावर देता येतं.